अस्वल्याचं घमेलं

मित्रांनो, मी एक जुनं घमेलं आहे. काठाला एका जागी फाटलेलं, बुडाला पोचे आलेलं, पण अजून एक थेंबही न गळणारं. माझी कहाणी ऐकून कोणी चुकचुकू नये, हे आधीच सांगून ठेवतो. मी कीव मागायला बसलेलो नाही. मी बसलो आहे तो हट्टाने, आणि त्या हट्टाचं कारण चार पायांचं आणि भरपूर केसांचं आहे.

कारखान्यात एका पत्र्यावर भला मोठा दाब पडला आणि क्षणात मला खोलगट आकार आला. मग आम्ही शेकडो भावंडं एकात एक बसून ट्रकने बांधकामावर गेलो. तिथे मी किती वाळू, किती विटा आणि किती कालवलेला माल वाहिला, त्याची गणती नाही. समोरची ही पिवळी इमारत माझ्याच जिवावर उभी राहिली, असं मी म्हणतो. गवंडीही तसंच म्हणायचा, पण स्वतःबद्दल. इमारत पुरी झाली, साहेब लोकांचे सत्कार झाले, आणि माझा काठ फाटला म्हणून मला ढिगाऱ्यावर फेकून दिलं. गरज सरो, वैद्य मरो!

तिथून मला इस्त्रीवाल्या काकांनी उचललं. त्यांचं दुकान म्हणजे इमारतीच्या कुंपणाबाहेर, रस्त्याकडेच्या झाडाशेजारी, पत्र्याची एक खोली. आत लांबलचक टेबल, कपड्यांच्या गठ्ठ्यांची फळी आणि कोपऱ्यात पाण्याचं पिंप. कोणाचा हात कापू नये म्हणून काकांनी माझा फाटका काठ हातोडीने ठोकून आत वळवला. त्यांच्या कोळशाच्या इस्त्रीची राख मी कितीतरी वर्षं पोटात घेतली. पुढे विजेची इस्त्री आली आणि मी टेबलाखाली रिकामा पडून राहिलो.

त्याच टेबलाखाली एक दिवस कुत्र्याचं एक पिल्लू येऊन झोपलं. अंगावर काळ्या केसांचं नुसतं रान. "हे कुत्रं आहे की अस्वल?" काका म्हणाले, आणि त्याचं नाव अस्वल्या पडलं. मला घासूनपुसून त्याच्या पाण्यासाठी पायरीवर ठेवलं. लपलप आवाज करत तो पाणी प्यायचा, अर्धं सांडायचा, आणि पिऊन झालं की माझ्या काठावर हनुवटी टेकून झोपायचा. मित्रांनो, पाच मजल्यांच्या इमारतीने मला जो मान दिला नाही, तो त्या ओल्या हनुवटीने दिला.

पण पायरीवर दिवसभर ऊन असायचं. मी पडलो लोखंडाचा. उन्हाळ्यात अकरा वाजले की माझ्यातलं पाणी असं तापायचं, की अस्वल्या तोंड लावून मागे सरकायचा. काका येऊन पाण्यात हात बुडवायचे आणि म्हणायचे, "चांगलं गार आहे की! तहान नसेल त्याला."

काका वाईट नव्हते. खोट होती ती त्यांच्या हातात. तीस वर्षं इस्त्री धरून तळव्यांना असे घट्टे पडले होते, की तापलेल्या इस्त्रीला बोट लावून ते तिची धग अजमावायचे. तोच हात ते माझ्या पाण्यात घालायचे, आणि तोच हात रस्त्यावर ठेवून म्हणायचे, "कुठे तापलाय रस्ता?" आयुष्यभर ज्या हाताने कधी दगा दिला नाही, त्याच्यावर कोण शंका घेणार?

शंका घेतली सूनबाईने. ती गवंड्याची लेक. लग्न होऊन आली तशी दुकानात हाताखाली उभी राहू लागली होती. एकदा तिने माझ्यात बोटं घातली आणि झटकन बाहेर काढली.

"बाबा, हे पाणी आहे की चहाचं आधण?"

"काहीतरीच! कोमटसुद्धा नाही."

"तुमच्या हाताला निखारासुद्धा गार लागेल. त्या मुक्या जिवाचा तरी विचार करा."

"अगं, जनावर आहे ते. त्याला ऊन सोसायची ताकद जन्मतःच असते."

तिने मला झाडाच्या सावलीत नेऊन ठेवलं. संध्याकाळी काकांनी पुन्हा पायरीवर आणलं. टेबलापासून मी नजरेला पडायला हवा होतो, म्हणजे पाणी संपलेलं त्यांना दिसलं असतं. त्यांची काळजी खरी होती, आणि त्याच काळजीने घात केला.

पिवळ्या इमारतीच्या चेअरमनसाहेबांना कपडे दुपारी एकच्या ठोक्याला लागायचे. काकांनी ती वेळ कधी चुकवली नव्हती. सायकलला गठ्ठा बांधून ते निघायचे, मागून अस्वल्या धावायचा. पिवळी इमारत झाली की आणखी चार इमारतींची फेरी. त्या दिवशी वारा अगदी पडला होता आणि डांबर मऊ झालं होतं.

"आज त्याला नेऊ नका," सूनबाई म्हणाली.

"ठेवला तर दार खरवडत बसेल. माझ्याशिवाय राहतो का तो?"

अर्ध्या तासाने अस्वल्या परत आला, तो झोकांड्या खात. जीभ हातभर बाहेर, तोंडाला चिकट लाळ, हिरड्या लालभडक. पंजे टेकवत नव्हते. तो सरळ माझ्याकडे आला. एवढ्या उन्हातून तो भरवसा ठेवून माझ्याकडे आला, आणि माझ्यापाशी त्याला द्यायला काय होतं? कढत पाणी! त्याने तोंड लावलं, मागे घेतलं आणि तिथेच आडवा झाला. मला ओरडता आलं नाही, याचा संताप मी अजून गिळलेला नाही.

मागून काका पोहोचले. त्यांनी सायकल टाकून दिली, एक चादर पिंपात बुचकळली आणि अस्वल्याला तिच्यात गुंडाळलं. तोवर सूनबाईने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता. फोनमधून त्यांचा आवाज मलाही ऐकू आला.

"आधी ते ओलं कापड काढा! आत उष्णता कोंडते. सावलीत घ्या, पोटावर, जांघांत, पंजांवर पाणी ओतत राहा आणि पंखा लावा. तोंडात बळजबरीने पाणी घालू नका. आणि लगेच इकडे घेऊन निघा."

काकांचा हात चादरीवरच थांबला. "ओल्या कापडावर इस्त्री ठेवली की वाफ धरते," ते पुटपुटले. "रोज करतो मी हे. मला कळायला नको?" त्यांनी चादर भिरकावून दिली, त्याला टेबलाखाली सावलीत ओढलं आणि पंखा त्याच्याकडे वळवला. सूनबाईने मला रिकामं केलं, पिंपात बुडवलं आणि अस्वल्याच्या पोटावर ओतलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा ओतलं. बांधकामावर मुकादम ओरडायचा तेव्हाही मी इतका पळालो नव्हतो. मग गाडी आली. ओल्या अस्वल्याला मांडीवर घेऊन दोघं खिडक्या उघड्या टाकून गेले.

मी पायरीवर उपडा पडून होतो. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, तरी दुकान बंदच. तिसऱ्या दिवशी अस्वल्या आला. चारही पंजांना पट्ट्या, चालीत वाकडेपणा, पण शेपूट जागेवर आणि चालू! मी लोखंडाचा आहे म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी फुटलोच असतो.

काका त्याच्यासमोर फतकल मारून बसले. "चूक माझी," ते म्हणाले. "या हातावर आता माझा विश्वास नाही." पश्चात्तापाच्या भरात ते त्याचे केस भादरायला निघाले होते, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की केस विंचरा, मुळापासून काढू नका; तेच त्याला उन्हापासून वाचवतात. मग काका रोज कंगवा घेऊन बसू लागले. रस्ता तापला का, हे सूनबाई उलटा हात टेकून बघायची. तिला हात ठेववला नाही, तर अस्वल्याचे पायही दुकानाबाहेर पडत नसत. मी कायमचा झाडाखाली गेलो. आणि दारावर पाटी लागली: कपडे सकाळी नऊच्या आत, नाहीतर संध्याकाळी सहानंतर.

चेअरमनसाहेब तणतणत आले. "एका कुत्र्यासाठी आमची वेळ बदलायची?"

"हो," काका म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला दिलेलं हे सर्वांत छोटं उत्तर असेल.

"आणि हे भांडं हलवा. डास होतील."

"रोज सकाळी घासून ताजं पाणी भरते," सूनबाई म्हणाली. "डासाला अंडी घालायला सवडच मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी झाडाखाली नव्हतो. मला इमारतीमागच्या भंगारात टाकलं होतं, त्याच ढिगाऱ्यावर जिथून मी आलो होतो. पण अस्वल्याचं नाक काय झोपलं होतं? वास काढत तो लंगडत आला आणि माझ्यावर पाय ठेवून भुंकत राहिला, सूनबाई येईपर्यंत.

तिने मला उचलून परत झाडाखाली आणलं. माहेरी जाऊन वडिलांची थापी घेऊन आली. झाडाखाली, मुळांना धक्का न लावता, तिने वीतभर खड्डा खणला, मला त्यात बसवलं, भोवती विटा रचल्या आणि वरून सिमेंट ओढलं. मित्रांनो, जन्मभर मी सिमेंट वाहिलं दुसऱ्यांच्या भिंतींसाठी. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्यासाठी कालवलं गेलं. जमिनीत बसल्यावर पाणीही गार राहू लागलं.

चेअरमनसाहेब पुन्हा आलेच. मला दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले, जोर लावला. मी हललो नाही. पुन्हा जोर लावला. मी हललो नाही! त्यांच्या कडक शर्टाचा पार चुरगळा झाला आणि अस्वल्या माझ्या काठावर हनुवटी टेकून त्यांच्याकडे बघत राहिला.

"शर्ट द्या, साहेब," काका दुकानातून म्हणाले. "परत इस्त्री करून देतो. सहानंतर."

तेव्हा मित्रांनो, माझ्या वयाची भांडी शेवटी हात जोडतात, तसं मी करणार नाही. मी बजावतो. तुमच्या दारातल्या कुत्र्याचं पाणी आत्ता उठून बघा. ते उन्हात आहे का? त्यात हात घाला, आणि घट्टे पडलेला हात असेल तर घरातल्या लेकराचा हात घालायला लावा. भर दुपारी त्याला रस्त्यावर नेऊ नका, मग कोणीही कितीही घाई करो. आणि त्याचं भांडं हलवायला कोणी आलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी झाडाखालीच आहे.