धोंडप्पाचं कार्ड

एकोणऐंशी साली आमच्या गिरणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि तो चालवायचं काम माझ्याकडं आलं. प्रत्येक कामगाराची एक फाइल, आणि सगळ्या फायली एका डिरेक्टरीत. संध्याकाळी एक हुकूम टाइप करून ती डिरेक्टरी गेटच्या डिरेक्टरीवर कॉपी करायची. सकाळी तिथून हजेरीची कार्डं छापून निघत.

मागावरचा धोंडप्पा वारला. मी माझ्याकडची त्याची फाइल काढून टाकली. तरी सकाळी त्याचं कार्ड निघालं, आणि रोजच निघू लागलं. गेटवरचा रावजी ते चिमटीत धरून म्हणायचा, "घ्या, आले तुमचे पावणे. चहा सांगू का?" पण जवळ ठेवून घ्यायची त्याची छाती नव्हती.

एके दिवशी धोंडप्पाची बायको पार्वतम्मा खिडकीशी आली.

"अण्णा, मठातले स्वामी सांगत्यात, ते लिंगैक्य झाले, शिवात मिळाले. मग रोज कामाला कसं येत्यात?"

"मशीनची चूक हाय, अक्का."

"भाऊ माहेरी, मैंदर्गीला न्यायला आलाय. त्यांना हितं असं अडकवून मी कशी जाऊ? सोडा की त्यांना."

संध्याकाळपर्यंत डोकं खाजवल्यावर उमगलं. कॉपी नवं नेऊन ठेवते, त्याच नावाचं जुनं असलं तर त्यावर लिहिते. पण पलीकडं आधीच बसलेल्याला उठवत नाही. माझ्याकडून धोंडप्पा गेला होता, गेटवरून त्याला कुणी जा म्हटलंच नव्हतं. आधी गेटची डिरेक्टरी रिकामी करायची, मग कॉपी.

पांडुरंगाचं नाव घेतलं आणि रिकामी केली.

त्याच क्षणी शेडमधले सगळे माग थांबले. वीज गेली नव्हती. डोक्यावरचा दिवा जळत होता. कीर्तनात बुवांनी हात वर केला की टाळ-मृदंग थबकतात, तशी शांतता. पण तिथं हात वर करणारा दिसतो तरी! अख्ख्या पाळीची नावं पुसलेली, आणि बाहेर एक माणूस खोकत नव्हता. मी घाईनं कॉपीचा हुकूम दिला. माग खडखडले.

रावजीला विचारलं तर म्हणाला, "थांबले? कवा? कीर्तनात लई जागता तुमी."

सकाळी पार्वतम्मा भावाबरोबर बोचकं घेऊन उभी होती.

"आज न्हाय आले, अक्का."

"न्हाय?" ती कार्डांच्या गठ्ठ्याकडं बघत राहिली. "परत एकदा बघा की."

मी तिच्यादेखत कार्ड न् कार्ड उलटलं. शेवटचं खाली ठेवलं तशी ती तिथंच जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडू लागली. एस्टीची वेळ झाली, तरी भाऊ तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिला.