मालकाला विचारून सांगतो

"डॉन काझिस, खरं सांगा, मालक इमारत विकतोय का?"

काझिस तळघरात, इमारत गरम ठेवणाऱ्या पण आता विझलेल्या बॉयलरपुढे बसला होता. दारात पहिल्या मजल्यावरची मेक्सिकन भाडेकरू ओफेलिया उभी होती, मक्याच्या पिठानं भरलेल्या हातांनी.

"सकाळी एक माणूस खिडक्या मोजून गेला. पोरांची शाळा इथं आहे हो. आम्ही जायचं कुठं?"

"मालकाला विचारून सांगतो," काझिस सवयीनं म्हणाला आणि जिना चढू लागला.

शिकागोतली ही तीन मजली इमारत त्याचीच होती. घेताना वकिलानं ती बँकेकडे ट्रस्टमध्ये ठेवली. सरकारी दप्तरात नाव बँकेचं. इमारतीचं काय करायचं ते ठरवणार काझिस आणि त्याची बायको बिरुते. बिरुतेला ही सोय फार आवडली होती. "तुला कुणाला नाही म्हणता येत नाही. तू आपला रखवालदार हो. मालकाला विचारतो म्हण आणि वर ये."

तो वर यायचा. ती बटाटे किसत असायची. मान वर न करता विचारायची, "तुला काय वाटतं?" तो सांगायचा. "मग तसंच सांग जा. आणि पाय पूस आधी."

बिरुते ऑक्टोबरात गेली. एकट्याला काय करायचंय एवढं, म्हणून खिडक्या मोजणाऱ्या त्या माणसाला काझिसनंच बोलावलं होतं. बँकेला द्यायचं विक्रीचं पत्र टेबलावर होतं. सही तेवढी राहिली होती.

त्यानं पाय पुसले. तिच्या खुर्चीसमोर बसला.

"बिरुते, खालची विचारतेय. विकायचं का?"

टेबलावरचं पत्र त्यानं पुढ्यात ओढलं. मग म्हणाला, "मला वाटतं, नको." त्यानं पत्र फाडलं आणि खाली आला.

"नाही विकत. मालक म्हणाले."

ओफेलियानं डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. मग वर जाणाऱ्या पाइपावर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या स्वयंपाकघरातलं सगळं यातून खाली ऐकू येतं. पहिल्यापासून."

"तुला लिथुआनियन कुठं कळतं?"

"मालक कोण ते कळायला भाषा कशाला लागते? आधी तुम्ही बोलायचात, मग बाई बोलायच्या, मग तुम्ही खाली यायचात." तिनं पाइपावरचा हात काढून घेतला. "आज बाई बोलल्या नाहीत."

काझिसनं काडी ओढली. बॉयलर पेटला. वाफ हळूहळू वर चढली आणि वरच्या रिकाम्या स्वयंपाकघरातला रेडिएटर ठकठक वाजू लागला. दोघंही मान वर करून ऐकत राहिली.