अठ्ठावीसपैकी सतरा

"आमनं पाकिट आमनाच पायखाले!" म्हणत लताबाई कोऱ्या पाकिटांच्या ढिगावर चढली. मागोमाग आणखी चौघी. पिवळी पाकिटं चरचरू लागली.

उखर्डू दारातच थबकला.

सरकारी कागदावरचा रकाना पहिला : पाकीट कोणी काढलं?

त्यानंच. एकवीस वर्षं केळीच्या वेफर्सची पाकिटं बंद करणारा हात त्याचा. जोड जरा वाकडा गेला की पाकीट बाजूला. आता सरकारी नियम आला : ज्यानं पाकीट बाजारात काढलं, त्यानंच तेवढा कचरा गोळा करून द्यायचा. तरुण मालक जितेंद्रनं हे काम उखर्डूवर सोपवलं. चार महिने तो टेम्पोतून सोनगीर, शिंदखेडा, पार पिंपळनेरपर्यंत फिरला. गटारातली, शाळेच्या कुंपणातली पाकिटं वेचली.

रकाना दुसरा : किती?

सतरा गोण्या. हव्या होत्या अठ्ठावीस.

"नाना, तुम्ही फक्त सही करा," जितेंद्र म्हणाला. "तपासनीवाल्या मॅडम येतीन आते. अकरा गोण्या कोठेन आनू?"

"म्हनीसन कोऱ्या मालना कचरा करस तू?"

"कारखाना बंद पडना तं तुमले कोन इचारी? या पाच जनीसले कोन इचारी?"

ढिगावरचे पाय थांबले. पोरगा खोटं बोलत नव्हता.

उखर्डू खाली बसला. एक पाकीट उचलून बघितलं आणि त्याच्यातला कारागीर त्याला न विचारताच बोलून गेला, "असं नही व्हत. मानूस कोपरा दातवरी फाडस."

"मंग दखाडा ना, नाना," लताबाई म्हणाली.

त्यानं दाखवलं. एक. दहा. चाळीस. बायका बघून बघून फाडू लागल्या. पन्नासाव्याला तो थांबला. इतकी पाकिटं तोंडात गेली, पण जिभेला मीठ म्हणून लागलं नव्हतं.

तोवर बायकांनी अकरावी गोणी भरली होती. बाहेर गाडी वाजली.

मॅडमनी अठ्ठावीस गोण्या मोजल्या, दोन उघडून पाहिल्या, मान डोलावली. कागद पुढे केला. "गोळा करणाऱ्याची सही इथं."

उखर्डूनं पेन घेतलं. छापलेल्या अठ्ठावीसवर काट मारली, शेजारी सतरा लिहिलं, मग सही केली.

"बाकीच्या अकरा?"

"त्यामा कोरी पाकिटं शेतस, मॅडम. आत्ताच फाडली आम्ही."

जितेंद्र भिंतीकडे बघत राहिला. मॅडम म्हणाल्या, "मग नोटीस निघेल."

गाडी गेली. बायका ढिगाजवळच उभ्या होत्या.

"नाना, सकाय येवानं का आम्ही?" लताबाईनं विचारलं.

उखर्डूनं जितेंद्रकडे बघितलं. जितेंद्र आत निघून गेला. उखर्डूच्या ओठाला पाकिटाचा पिवळा तुकडा चिकटला होता. तो त्यानं नखानं काढला, आणि टाकायला जागा शोधत उभा राहिला.