वीतभर पाणी

आज सकाळपासून बंदर अधिकारी बाई एका जागी दोन मिनिटं बसल्या असतील तर शपथ! प्राधिकरणाच्या हाताखाली तीन बंदरं, त्यातलं त्यांचं शेंडेफळ. आजवर इथे बार्ज आणि मासेमारीच्या बोटी सोडल्या तर कुणी फिरकलं नव्हतं. आज मात्र धान्याचं जहाज येणार होतं, तेही चांगलं चार मजली इमारतीएवढं. ते सुखरूप धक्क्याला लागलं तर मोठ्या जहाजांसाठी मान्यता मिळणार. खाडीच्या तोंडाशी वाळूत टेकलं, तर सगळी जहाजं कायमची थोरल्या बंदराकडे. बाईंनी या एका दिवसासाठी सहा वर्षं मुख्य कार्यालयाचे उंबरठे झिजवले होते.

अकरा वाजता त्यांनी नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून पाणी मोजायच्या पट्टीकडे पाहिलं. जहाज आत यायला पाणी लाल खुणेपर्यंत हवं. ते अजून वीतभर खाली होतं.

मुख्य कार्यालयाकडून आलेल्या आदेशाच्या कागदावर तर स्वच्छ लिहिलं होतं, पूर्ण भरती, प्रवेश अकरा दहा. बाईंनी कागद पुन्हा वाचला आणि कपाळावर हात मारला. ही वेळ थोरल्या बंदराची होती! इथे खाडीचं वळण घेऊन पाणी पन्नास मिनिटं उशिरा भरतं, हे इथल्या प्रत्येक कोळ्याला ठाऊक. लहान बोटींचं त्यावाचून कधी अडलं नाही, म्हणून कागदावर ते कधी आलंच नाही. आणि काल आनंदाच्या भरात बाईंनी त्याच कागदावर झोकात सही ठोकली होती.

वायरलेस खरखरला. जहाजाला खाडीतून वाट दाखवत आत आणणारा पायलट होता त्यांचा सख्खा भाऊ. "काय गं ठमाबाई, ओढायला टगबोटी लागल्यात. वळवू का आत?"

"दादा, थांब! वीतभर कमी आहे."

"आता सांगतेस? बरं, धरून ठेवतो. पण लवकर बोल, वारा चावट झालाय."

तेवढ्यात धक्क्यावरून, थोरल्या बंदरातल्या मुख्य कार्यालयातून आलेल्या मोठ्या साहेबांचा फोन आला. पाहुणे, फोटोवाले, सगळे उन्हात ताटकळत होते. "मॅडम, जहाज का थांबलं? आदेश अकरा दहाचा आहे."

"वेळ चुकली आहे, साहेब."

"आमचं वेळापत्रक चुकत नाही!"

"वेळापत्रक बरोबर आहे, पण ते तुमच्या बंदराच्या पाण्याचं आहे."

"मग खाली सही कुणी केली?"

वायरलेस चालू होता, खोलीतली चार माणसं कान टवकारून बसली होती. "मी केली. चूक माझी. पण जहाज मी आत्ता आत घेणार नाही."

फोन खाडकन बंद झाला. बाई पट्टीसमोर उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत. पाणी चढत होतं, पण किती सावकाश! चार बोटं राहिली. मग तीन. दादा दर दोन मिनिटांनी "किती?" विचारत होता आणि त्या बोटं सांगत होत्या. दोन बोटांवर पाणी जरा रेंगाळलं, तेव्हा बाईंनी चक्क त्याला दटावलं, "चल की रे!"

अकरा अठ्ठावन्नला लाल खूण बुडाली.

"दादा, ये!"

जहाज वळलं. खाडीच्या तोंडाशी तळाची वाळू ढवळून त्याच्या मागचं पाणी गढूळ झालं तसा सगळ्यांनी श्वास रोखला. ते पुढे सरकलं, आणखी सरकलं, आणि पार झालं. धक्क्यावर पहिला दोर पडला तेव्हा नियंत्रण कक्षात जी आरडाओरड झाली, ती थोरल्या बंदराला ऐकू गेली असावी. बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"ठमाबाई," वायरलेसवर दादा म्हणाला, "बुडाखाली जेमतेम वीतभर पाणी होतं गं. ते सगळं तुझंच."

साहेब जिना चढून वर आले. बाईंनी तो सहीचा कागद पुढे केला. साहेबांनी तो वाचला, पट्टीकडे पाहिलं, आणि खिशातलं पेन काढून अकरा दहा खोडलं.

"गुरुवारी दुसरं जहाज आहे," ते म्हणाले. "किती वाजता आणू? तुमच्या पाण्याने सांगा."