गुड फ्रायडेची खुशखबर

मुखरूच्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे राजुऱ्याकडच्या त्या जंगलकाठच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चर्चची घंटा त्याच्याकडे आली ती बहुधा त्यामुळेच. रविवारची मिस्सा-उपासना असो, लग्न असो, कोणाकडे पाळणा हलो, मुखरू दोर ओढायचा आणि लोक जमायच्या आधीच ओरडून सगळं सांगून टाकायचा.

त्याच्या लेकीला, रंजीताला, लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नव्हतं. तिच्या बाळाची घंटा आपल्या हातानं वाजवायची, एवढंच मागणं त्यानं देवापाशी लावून धरलं होतं. देवानं ते ऐकलं, पण नेमकं गुड फ्रायडेला.

सकाळी चंद्रपूरच्या दवाखान्यातून बायकोचा, इतवारीचा, फोन आला. "नात झाली! दोघी बी चांगल्या हायेत. वाजवा घंटा!"

मुखरू पळत चर्चमध्ये गेला आणि थबकला. दोर खुंटीला बांधलेला होता. कालच्या मिस्सेनंतर त्यानंच बांधला होता. येशूच्या मरणाच्या दिवसांत घंटा मुकी असते. शनिवारी सांजेला पुनरुत्थानाच्या मिस्सेत गौरवगीत लागलं की मगच ती वाजते.

"काय झालं, मुखरूभाऊ?" ओसरीतून फादर जोबींनी विचारलं.

ओठांवर आलेली बातमी मुखरूनं गिळली. शेजारी मयत असताना आपण वाजंत्री लावत नाही. मग आज देवाच्या घरी दुःख असताना आपली खुशी कशी मिरवायची?

"काई नाई, फादर," तो म्हणाला. इतवारीलाही त्यानं फोनवर बजावलं, "उद्या सांजेपर्यंत कोनाले सांगू नोको."

बातमी आतून ढुशा देत होती. मोहफुलं वेचणाऱ्या बायकांनी हाक मारली, तर यानं नुसती मान हलवली. चहाच्या टपरीवाल्या निकेशनं "रंजीताची काई खबर?" विचारलं, तर हा चहा टाकून उठला. दुपारच्या प्रार्थनेत सगळ्यांसोबत क्रूसावरच्या येशूच्या पायांचं चुंबन घ्यायला वाकला, तेव्हा मात्र हळूच बोललाच.

"तुले दुःख हाय, मले ठावं हाय. पन तुले सांगतल्याबिगर राहवत नाई. नात झाली. तूच देली. आता मी चूप बसतो तुह्यासंगं."

आणि खरंच, ढुशा थांबल्या. सगळे घरी गेले तरी तो गालात हसत मांडी घालून तिथंच बसला. जन्मभर त्यानं देवाला हाकाच मारल्या होत्या. नुसतं जवळ बसणं इतकं गोड असतं, हे त्याला आज कळलं. अंधारून आलं तरी उठायला मन होईना.

शनिवारी सांजेला गौरवगीत लागलं आणि मुखरूनं दोर ओढला. गीत संपलं तरी तो ओढतच राहिला. शेवटी वळून बघतो, तर वेदीकडे कोणाचंच लक्ष नाही. सगळे त्याच्याकडे बघून हसतायत. शेजारच्या चंदाबाईच्या हातात इवलंसं झबलं.

"पोरगा का पोरगी, भाऊ?" तिनं विचारलं.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"तुमीच! दोन दिस तुमचं तोंड बंद. त्यात काल क्रूसापुढं एकटेच हासत बसले होते, मी दारातून पाह्यलं. आमी समजलो. मंग ठरवलं, हा मानूस देवासाठी एवढं पोटात ठेवून राह्यला, तं आपन बी इचारायचं नाई."

मुखरूला पुष्कळ सांगायचं होतं. पण डोळ्यांना धारा लागल्या, आणि "पोरगी" एवढाच शब्द कसाबसा बाहेर पडला.

फादरांनी हसत गौरवगीत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.