शनिवारचा सौना

वेइक्को सकाळी उठला की आधी फोनवर विजेचा भाव बघायचा, मग खिडकीबाहेरचं थर्मामीटर, आणि त्यातून वेळ उरला तर बायकोकडे. राइलीला त्याचं आता काही वाटेनासं झालं होतं. त्या हिवाळ्यात विजेचा भाव तासातासाला बदलत होता. ज्या घरात चूल नाही, धुराडं नाही, सगळी ऊब खिडक्यांखालच्या विजेच्या हीटरमधून येते, त्या घरातला माणूस दुसरं बघणार तरी काय?

"आठ ते दहा महाग आहे," तो सांगायचा. "कॉफी आत्ताच करून थर्मासमध्ये भरून ठेव."

"भरली."

"आणि बाथरूममधला दिवा?"

"बंदच आहे. अंधारात दात घासले. बहुतेक माझेच होते."

वेइक्कोला हसू आलं नाही. विजेच्या बाबतीत त्याला हसू यायचंच नाही, कारण हे घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलं होतं आणि बांधताना एक चूक केली होती. तेव्हा वीज कंपनीचा एक गोडबोल्या माणूस गावोगाव फिरत होता. यापुढे वीज पाण्यासारखी स्वस्त मिळणार, लाकडं फोडायचे दिवस संपले, असं तो सांगायचा. वेइक्कोने नकाशातलं धुराडं खोडून टाकलं. शेजारचा रेइयो तेव्हाच म्हणाला होता, "धुराड्याशिवाय घर? अरे, नाक नसलेलं तोंड झालं ते!" आता रेइयोच्या धुराड्यातून दिवसभर बर्चच्या लाकडांचा धूर निघायचा, आणि वेइक्को त्या बाजूचा पडदा ओढून घ्यायचा. पडद्याने ऊब टिकते, असं त्याचं म्हणणं.

शेजारच्या देशाने लढाई सुरू केली, विजेचे भाव आभाळाला भिडले, आणि वेइक्कोने घराला काटकसरीची शिस्त लावायला घेतली. वरच्या खोल्या बंद झाल्या. दारांच्या फटींत जुने टॉवेल कोंबले. बैठकीची खोली बंद झाली, तिथला सोफा स्वयंपाकघरात आला आणि त्याला वळसा घालून फ्रिजपर्यंत जावं लागू लागलं. कपडे धुवायचे ते सगळं गाव झोपल्यावर. राइली कानटोपी घालून झोपायची आणि कानटोपी घालूनच उठायची. थंडीचं तिला काही नवल नव्हतं, बर्फातच तिचा जन्म गेला होता. पण दिवा लावताना नवऱ्याकडे बघायचं, केटल लावताना घड्याळाकडे बघायचं, याने तिचा जीव मेटाकुटीला आला होता. खरं सांगायचं तर तिला आता काटकसरीचासुद्धा राग येत नव्हता, इतकी ती थकली होती.

आणि मग नोव्हेंबरात वेइक्कोने सौना बंद केला.

रेडिओवर सरकार सांगत होतं, आठवड्यातून एकदाच सौना घ्या. एकदा म्हणजे शनिवारी, हे काय सांगायला हवं? पण वेइक्को सरकारच्याही दोन पावलं पुढे. सौनातली दगडांची शेगडी विजेवरची, घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त वीज ओढणारी. "वसंतापर्यंत शॉवरवर भागवू," तो म्हणाला. मोरीला लागून असलेल्या त्या लाकडी खोलीत मग खोकी गेली, गुंडाळलेल्या सतरंज्या गेल्या, नाताळात शोभेला मांडायचा गवताचा बोकड गेला. कपडे वाळत घालायची घडवंची राइलीनेच शेगडीला खेटून उभी केली. दुसरीकडे जागाच कुठे होती?

सौना गेला तो नुसता अंग शेकायचा सौना नव्हता. बाकी घरात ही दोघं बटाटे, बर्फ आणि रेइयो एवढ्यावरच बोलत. बोलण्यासारखं जे काही असेल ते शनिवारी, त्या वरच्या फळीवर, उघड्या अंगाने, शेजारी शेजारी बसून, एकमेकांकडे न बघता. पहिलं मूल राहिल्याचं तिने तिथेच सांगितलं होतं. लाकडाच्या गिरणीतून काढून टाकल्याचं त्याने तिथेच सांगितलं. घाई नसायची. वेइक्को डावाने दगडांवर पाणी टाकायचा, वाफ अंगावर यायची, आणि वाफ निवेपर्यंत समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी चालायचं. डाव मात्र कायम त्याच्याच हातात, कारण सौना त्याने बांधलेला.

आणि आता राइलीकडे सांगण्यासारखं होतं.

मागच्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून ती शहरात गेली, आणि तिने एक फ्लॅट बघितला. तिसरा मजला, दोन खोल्या. ऊब शहराच्या मोठ्या भट्टीतून नळाने येणारी आणि महिन्याच्या भाड्यातच धरलेली. दाखवणारी बाई खिडकीतून दिसणाऱ्या तळ्याचं कौतुक करत होती, आणि राइली हीटरवर दोन्ही हात ठेवून उभी होती. हात काढवेनात. "सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवा," बाई म्हणाली. राइलीचं हो ठरलेलं होतं. आणखी एक हिवाळा वेइक्कोने बांधलेल्या घरात काढणं तिच्याने होणार नव्हतं. पण ते घर म्हणजे वेइक्कोचा जीव, आणि तो जीव वाचवायलाच तर तो दिवे मालवत फिरत होता. हे त्याला सांगायचं कुठे?

गुरुवारी तिने प्रयत्न करून बघितला. गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप, सगळ्या देशात असतं तसं यांच्याकडेही. वाफाळता वाडगा त्याच्यापुढे ठेवत ती म्हणाली, "वेइक्को, मला जरा बोलायचं होतं."

"सूप घट्ट झालंय," तो म्हणाला. "जास्त वेळ ठेवलंस का शेगडीवर?"

"नाही."

"मग बोल."

राइलीने तोंड उघडलं. वर ट्यूब कुरकुरत होती, समोर सुपात घालायच्या वाटलेल्या मोहरीची बाटली होती, सोफ्याची पाठ तिच्या खुर्चीला लागत होती. आयुष्याच्या गोष्टी अशा ठिकाणी बोलायच्या असतात का? "मोहरी संपत आली," ती म्हणाली, आणि तिला स्वतःची चीड आली.

शनिवारी दुपारभर बर्फ पडला. वेइक्को अंधार पडेपर्यंत अंगणात बर्फ ओढत होता. आत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर पांढरे कण होते आणि बोटं काम करत नव्हती. तो बूट काढून मोरीकडे गेला, परत आला, आणि टेबलाशी बसून थर्मासमधली कोमट कॉफी पिऊ लागला. राइली पायमोजा विणत मनात वाक्यं जुळवत होती आणि उसवत होती.

मग तिला वास आला. तापलेल्या लाकडाचा, तापलेल्या दगडांचा, शनिवारचा वास. आपल्याला भास होतोय असं तिला वाटलं, पण भासाने का होईना, तिला बरं वाटलं. तिने डोळे मिटले. क्षणभराने त्यात जळक्या लोकरीचा वास मिसळला, तशी ती ताडकन उठली.

"वेइक्को! सौना!"

दार उघडलं तर आत धूर. शेगडीला टेकलेल्या घडवंचीवर वेइक्कोची लोकरीची लांब चड्डी धुमसत होती आणि तिच्या खालच्या सतरंजीची किनार लाल झाली होती. राइलीने घडवंचीला हात घातला आणि कपड्यांसकट ती फरफटत मागच्या दारातून बर्फात फेकली. मागोमाग वेइक्कोने सतरंजी फेकली आणि तिच्यावर फावड्याने बर्फ ओढला. फुस्स झालं, आणि संपलं.

दोघंही धापा टाकत उभी राहिली.

"मी लावला," वेइक्को म्हणाला. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. "बर्फ ओढून आत आलो. शनिवार होता. हाताने बटण फिरवलं, राइली. मला कळलंसुद्धा नाही."

"घर गेलं असतं."

"गेलं असतं," तो म्हणाला. "घर वाचवायला निघालो होतो मी." मग एकदम भानावर येऊन तो आत धावला. "बंद करतो, दिवसातला सगळ्यात महाग तास चालू आहे!"

"हात लावू नकोस," राइली म्हणाली.

तो थांबला.

"तापलाय ना? मग तापू दे. खोकी बाहेर काढ."

असा आवाज त्याने तिच्या तोंडून फारसा ऐकला नव्हता. त्याने मुकाट्याने खोकी काढली, बोकड काढला, धूर जाईपर्यंत दार उघडं धरलं. कपडे उतरवून दोघं वरच्या फळीवर बसली. वेइक्कोने डाव बुडवला, दगडांवर पाणी टाकलं, आणि नोव्हेंबरपासून अंगात साचलेली थंडी राइलीच्या पाठीतून हळूहळू उतरू लागली. तिला रडू येत होतं. रडण्याआधी बोलून टाकावं म्हणून ती दगडांकडे बघत म्हणाली, "मी शहरात एक फ्लॅट बघितलाय. सोमवारी हो म्हणून कळवणार आहे. मला आता होत नाही, वेइक्को. तू माझ्याबरोबर ये."

वाफ निवाली. वेइक्कोने पुन्हा पाणी टाकलं. तीही निवाली.

"दात दुखत नव्हता ना तुझा?" तो म्हणाला.

"नाही."

"वाटलंच. डॉक्टरकडून आलीस आणि उभ्या उभ्या कडक काळा पाव खाल्लास." त्याने डाव बादलीत ठेवला. "हे घर रेइयोचा पोरगा घेईल. आल्याबरोबर धुराडं बांधेल."

"बांधू दे."

"त्या इमारतीत सौना आहे?"

"तळघरात आहे. सगळ्यांचा मिळून. प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास ठरवून देतात."

"आपल्याला शनिवारी?"

फ्लॅटपेक्षाही राइलीला याच प्रश्नाची भीती वाटत होती. "शनिवार नाही मिळणार. शनिवारचे सगळे तास धरलेले आहेत. कोणी मेलं तरच रिकामा होतो, म्हणाली ती बाई."

"मग?"

"गुरुवारी."

वेइक्को दगडांकडे बघत राहिला. जन्मल्यापासून त्याचा शनिवार कधी चुकला नव्हता. हा हिवाळा सोडला तर सैन्यातही नाही, आई गेली त्या आठवड्यातही नाही.

"गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं," तो म्हणाला.

"असतं."

"ते पिऊन बंद खोलीत बसायचं आपण दोघांनी?"

राइलीला हसू फुटलं, आणि हसता हसता कधीचं दाबून ठेवलेलं रडूही आलं. तिने ते लपवलं नाही. वेइक्कोने तिच्याकडे पाहिलं नाही, पण बादलीत डाव बुडवून तो भरलेला डाव तिच्यापुढे धरला.

"सौना आधी," तो म्हणाला. "सूप नंतर. घे, टाक."

राइलीने डाव घेतला आणि पाणी टाकलं.