पडद्यापलीकडली चार पानं

बाळाला कसंबसं झोपवून ती टेबलाशी आली आणि बघते तर काय, लॅपटॉपचा पडदा काळाकुट्ट. वर चार इंग्रजी ओळी. पहिलीच सांगत होती: पडद्याला कुलूप लावणारा प्रोग्रॅम बंद पडलाय, कुलूप आता उघडणार नाही. पासवर्डची चौकटसुद्धा गायब. आणि त्यामागे तिची चार पानं, तान्ह्या बाळांच्या तापाविषयीच्या पत्रकाचा अनुवाद. बाळंतपणानंतरचं पहिलंच काम, आज दुपारी बारा वाजता पाठवायचं होतं. एकदाही सेव्ह केलेलं नव्हतं.

तिने नणंदेला फोन लावला. ती एका कॉलेजातले कॉम्प्युटर सांभाळायची; या जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स घालून द्यायचा उद्योगही तिचाच.

"वहिनी, बोट कुठंय तुझं?"

"पॉवरच्या बटणावर."

"काढ आधी. दाबलंस की पानं गेली."

"मग काय करू, याची समजूत काढू?"

"कंट्रोल, ऑल्ट आणि एफ तीन. एकदम."

दाबलं. पडदा बदलला, नुसतं नाव विचारणारी एक ओळ. नाव लिहिलं, पण पासवर्ड टाइप करताना टिंबही उमटेना.

"दिसत नाही, पण पोचतंय," नणंद म्हणाली. "माझ्या भावाच्या अगदी उलट."

पासवर्ड पोचला. नणंदेने सांगितलेलं अक्षर न् अक्षर तिने लिहिलं, तशी चालू प्रोग्रॅमची यादी आली. त्यात तिचा लिहायचा प्रोग्रॅम होता, नऊ पाचपासून जिवंत.

"म्हणजे पानं?"

"जागच्या जागी. आता कॉम्प्युटरने ठेवलेल्या नोंदी बघू. सकाळी अपडेटला हो म्हणालीस?"

म्हणाली होती. एका हातावर बाळ, दुसऱ्या हाताने 'हो' दाबून मोकळी. नोंदीत तेही होतं, सेकंदासकट: नऊ चाळीसला नवे भाग बसले, दहा वाजून बारा मिनिटांनी जुना कुलूपवाला त्यांना अडखळून पडला.

"पण तो पडला, तर दार उघडं राहायला हवं ना?"

"तसं झालं तर कुणीही येऊन तुझं वाचेल. आपण पडलो तरी कुलूप पडू द्यायचं नाही, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय. सुटकेची वाटही त्याच चार ओळींत लिहिलीय. तू वाचल्याच नाहीस."

तिने झोपलेल्या बाळाकडे पाहिलं. तिच्या मनात दिवसभर वाईटच येई: बाळ पडेल, गुदमरेल, श्वास थांबेल. इथे कुणा अनोळखी माणसाच्याही मनात वाईट आलं होतं, आणि त्याने नुसता घोर न लावून घेता, घाबरलेल्या माणसासाठी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या.

कुलूप उघडायची शेवटची आज्ञा लिहून ती पहिल्या पडद्यावर परतली. पानं तिथंच होती. आधी सेव्ह केलं.

"वहिनी, आहेस ना?"

"आहे गं. थांब जरा."

पत्रकातली तिची ओळ होती: 'त्वरित वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे.' तिने ती खोडली आणि लिहिलं, 'लगेच डॉक्टरांकडे न्या.' मग पहिल्या पानापासून एकेक ओळ पुन्हा वाचायला घेतली, तापलेलं बाळ कडेवर असल्यासारखी.